गाणं आपलं, मालकी कोणाची?

आपल्या मंडळातली बरीच मुलं हल्ली घरीच गाणी रेकॉर्ड करतात. ती स्पॉटिफाय, ॲपल म्युझिकवर पोचवायला मध्ये वितरक लागतो. डिस्ट्रोकिड वर्षाची फी घेतं. सीडी बेबी एकदाच फी आणि कमाईतले ९ टक्के. दोघंही गाण्याची मालकी मागत नाहीत. खरी फसवणूक पुढे सुरू होते.

'दोनशे डॉलर भरा, महिन्यात पन्नास हजार श्रोते मिळवून देतो' अशा ईमेल येतात. हे श्रोते म्हणजे माणसं नव्हेत, कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम! ते पकडले गेले की त्याचे पैसे तर मिळत नाहीतच, गाणंही काढलं जाऊ शकतं. शिवाय २०२४ पासून स्पॉटिफाय वितरकाला दंड करतं आणि तो बहुधा कलाकाराच्याच माथी येतो.

दुसरा सापळा कराराचा. 'मास्टर' म्हणजे मूळ ध्वनिमुद्रण. ते कायमचं लिहून घेणारं एखादं कलम आत दडलेलं असतं. म्हणून सही करण्यापूर्वी तीन गोष्टी बघा: मुदत किती, मास्टर कोणाचा आणि गाणं परत काढून घेता येतं का.

'तुमची रॉयल्टी मिळवून देतो, आधी फी भरा' म्हणणाऱ्यांनाही नमस्कार करा. अमेरिकेत इंटरनेट रेडिओवरच्या वादनाचे पैसे गायक-वादकांना साउंडएक्स्चेंज देते, तर गीतकार-संगीतकारांना स्ट्रीमिंगची मेकॅनिकल रॉयल्टी २०२१ पासून एमएलसी देते. दोन्हीकडे नाव नोंदवायला एक पैसाही पडत नाही. पालकांनी मुलांबरोबर बसून एका संध्याकाळी हे उरकून टाकावं.