पासबुकातला पिन

कराडजवळच्या खेड्यात राहणाऱ्या माझ्या मावशीच्या पासबुकात पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला निळ्या पेनाने चार आकडे लिहिलेले आहेत. तो तिचा पिन. असा लिहून ठेवू नये म्हणून मीसुद्धा तिला रागावले आहे. पण फोनवरून पैसे पाठवायचे तर कुणाच्या तरी हातात फोन द्यावा लागतो आणि पिनही सांगावा लागतो. मोबाइलवरचा पैशाचा व्यवहार गेल्या पंधरा वर्षांत किती सोपा झाला, हे मी या चार आकड्यांवरून बघते.

2010च्या नोव्हेंबरात आयएमपीएस ही बँक खात्यांत पैसे पाठवायची सेवा सुरू झाली. कोणत्याही वेळी, सुटीच्या दिवशीही पैसे तत्काळ पोचू लागले, ही केवढी मोठी गोष्ट होती! मात्र मोबाइलवरून पाठवायचे तर समोरच्याचा दहा आकडी नंबर आणि शिवाय बँकेने दिलेला सात आकडी एमएमआयडी हा ओळख क्रमांक लागायचा. सतरा आकडे बिनचूक दाबायचे. ज्याच्या हाताला कीपॅडची सवय नाही, त्याचे काम तिथेच थांबायचे.

मग बँकेच्या व्यवहारांसाठी फोनवर लावायचे *99# आले. 28 ऑगस्ट 2014 रोजी, जनधन योजना सुरू झाली त्याच दिवशी, ते देशभर खुले झाले. इंटरनेट नको, साधा बटणांचा फोन चालतो, मराठीतही पर्याय दिसतात. कल्पना खरोखर गरिबाच्या बाजूची होती. मावशीच्या फोनवर मी ते करून पाहिले तेव्हा रेंज अर्ध्यात गेली आणि पडदा कोरा झाला. पैसे गेले की राहिले? मावशी पदराचे टोक बोटाला गुंडाळत माझ्याकडे बघत राहिली. पैसे खात्यातच होते, पण त्या दिवसानंतर तिने पुन्हा तो नंबर लावू दिला नाही. वर या सेवेला शुल्कही लागे. 2016मध्ये ते जास्तीत जास्त पन्नास पैशांवर आले आणि 2022मध्ये शून्य झाले. गरिबाच्या सोयीसाठी काढलेल्या वाटेवर इतकी वर्षे टोल का ठेवला, हे मला अजून पटलेले नाही.

11 एप्रिल 2016 रोजी रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे गव्हर्नर रघुराम राजन यांच्या हस्ते मुंबईत यूपीआयची सुरुवात झाली. नोव्हेंबरात नोटबंदी आली आणि डिसेंबरच्या पहिल्याच दिवशी मुरबाड तालुक्यातले धसई राज्यातले पहिले रोकडविरहित गाव म्हणून जाहीर झाले. तेव्हा दुकानादुकानात कार्ड घासायची यंत्रे बसवली जात होती. पुढे बाजारात खऱ्या अर्थाने रुजला तो छापील क्यूआर. त्याला ना चार्जिंग, ना कागदाचा रोल. हातगाडीच्या दांडीलाही तो चिकटतो.

त्याच्याही पुढचे पाऊल म्हणजे बोलणारा डबा. आमच्या मंडईतल्या भाजीवाल्या मावशींना वाचता येत नाही. आधी गिऱ्हाईक स्वतःचा फोन पुढे करून “झालं बघा” म्हणायचे आणि त्या विश्वास ठेवायच्या. खोटा स्क्रीनशॉट दाखवून कुणी निघून गेले तर कळायचे संध्याकाळी, मुलगा घरी आल्यावर. आता हात कोथिंबिरीच्या ओल्या जुडीत, नजर तराजूवर आणि कान डब्याकडे. मराठीत आकडा ऐकू आला की त्या मान न वळवता म्हणतात, “आले गं ताई.” डब्याचे महिन्याचे भाडे त्यांना खटकते, आणि ते खटकायलाच हवे. पण आपल्या कमाईची खात्री त्यांना स्वतःच्या कानांनी, आपल्या भाषेत होते. या सगळ्या काळात मला सर्वांत माणुसकीची वाटलेली सुधारणा हीच.

घेणाऱ्याची सोय अशी झाली. देणाऱ्याची मात्र रखडत राहिली. यूपीआयचा पिन तयार करायला डेबिट कार्ड लागायचे, आणि माझ्या मावशीचे कार्ड पाकिटातून कधी बाहेरच आले नव्हते. आधारशी जोडलेल्या मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीवरून पिन करण्याची मुभा 2021मध्ये मिळाली. 8 मार्च 2022 रोजी साध्या फोनसाठी यूपीआय 123पे आले. फोन लावायचा, आवाज सांगेल तसे बटण दाबायचे. वाचता न येणाऱ्यांसाठी हे आधीच व्हायला हवे होते.

30 एप्रिल 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक दार उघडले. खाते उघडताना कॅमेऱ्यापुढे डोळ्यांची उघडझाप करून दाखवा, असे सांगणाऱ्या यंत्रापुढे ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या आणि दृष्टिहीन माणसांनी काय करायचे? डिजिटल सेवा वापरता येणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे न्यायालयाने स्पष्ट सांगितले. त्याच वर्षी ऑक्टोबरात पिनऐवजी बोटाचा ठसा किंवा चेहरा वापरण्याची सोय जाहीर झाली. पण ती स्मार्टफोनवर. मावशीचा फोन बटणांचा, आणि खुरपणीने तिचे अंगठे इतके झिजलेत की रेशन दुकानातल्या यंत्रावरही ते तिसऱ्या-चौथ्या खेपेला उमटतात.

दिवाळीत मी तिच्याकडे गेले तेव्हा 123पेचा नंबर लावून फोन तिच्याच हातात ठेवला. पलीकडचा आवाज एकेक पर्याय सांगत होता, ती मान डोलावत बटणे दाबत होती. पिनची वेळ आली तशी तिने सवयीने पासबुक उघडून माझ्यापुढे धरले. मी उठून चुलीपाशी गेले. माझ्या मागे, थांबत थांबत, चार बटणांचे आवाज आले.