उजेडाचे पैसे कोण देणार?

इंग्लंडच्या प्लिमथ बंदरापासून सुमारे २२ किलोमीटरवर एडीस्टोनचे खडक आहेत. भरतीला ते जवळजवळ दिसेनासे होतात. १६९८ साली तिथे दीपगृह उजळलं, चरबीच्या मेणबत्त्यांवर! ते उभारणारा हेन्री विन्स्टन्ली हा तांब्याच्या पत्र्यावर चित्रं कोरणारा माणूस. पाच वर्षांनी मोठं वादळ आलं. त्या रात्री तो दीपगृहातच होता. सकाळी तिथे ना दीपगृह उरलं होतं, ना तो.

असा दिवा उभारणं हे काम कुणाचं, सरकारचं की खासगी माणसांचं? लिबर्टेरियन मंडळी म्हणतात, सरकारने जिवाचं आणि मालमत्तेचं रक्षण करावं, करार पाळले जाताहेत ना ते पाहावं. बाकीचं माणसं आपापसांत जमवतील. यावर जॉन स्टुअर्ट मिलपासून पॉल सॅम्युएलसनपर्यंतच्या अर्थशास्त्र्यांनी दीपगृहाकडे बोट दाखवलं. पैसे न देणाऱ्या जहाजापासून उजेड लपवायचा कसा? मग कुठला व्यापारी तो पेटवेल?

१९७४ मध्ये अर्थशास्त्रज्ञ रोनाल्ड कोस यांनी थेट इंग्लंडचा जुना इतिहासच उकरला. १८२० मधल्या ४६ दीपगृहांपैकी ३४ मुळात खासगी माणसांनी बांधलेली निघाली! उजेडाला कुलूप लागत नाही हे खरंच; पण जहाज कधीतरी बंदराला लागतंच. ते कुठून आलं यावरून वाटेतली दीपगृहं कळायची आणि तेवढा कर तिथेच वसूल व्हायचा. ही युक्ती वाचली तेव्हा मी थक्क झालो.

पण वसुलीचा हक्क राजाच्या सनदेतून यायचा, आणि पैसे गोळा करायला बहुधा जकातीचे अधिकारी असायचे. सनदच नसती, तर कुठल्या कप्तानाने खिशात हात घातला असता? म्हणून मला यात निव्वळ बाजाराचा विजय दिसत नाही. धाडस खासगी होतं, दंडुका सरकारी.

वेल्सजवळच्या स्केरीज बेटावर विल्यम ट्रेंचने १७१७ साली दीपगृह बांधलं आणि तो कर्जातच मेला. पुढे संसदेने त्याच्या वारसांचा हक्क कायमचा केला, जहाजं वाढली, आणि तोच दिवा सोन्याची खाण झाला. खासगी दीपगृहं विकत घेण्याचा कायदा १८३६ मध्ये झाला, तरी स्केरीजचा मालक पाच वर्षं अडून बसला. शेवटी त्या एका दिव्यापायी ४,४४,९८४ पौंड मोजावे लागले.

ब्रिटनमध्ये दीपगृहांचा कर आजही बंदरात येणाऱ्या जहाजांकडूनच घेतात.