दोन दिवे आणि एक तार

दिवाळीच्या आवराआवरीत घरोघरी काय काय हरवते, ते वाचकांना मी सांगायला नको. आमच्या घरी गेल्या वर्षी चक्क इंटरनेट हरवले!

वेळ दुपारी चारची. पाच वाजता कन्येची शिष्यवृत्तीची परीक्षा. ती संगणकावरच द्यायची, मोबाइल चालणार नाही, अशी सक्त अट. आणि आमचा संगणक जुन्या वळणाचा. बिनतारी विद्या त्याला अवगत नाही. तारेतून येईल तेवढेच तो घेतो. पडद्यावर एकच पालुपद : ‘नॉट कनेक्टेड’.

“बाबा, वर्षाचा अभ्यास पाण्यात गेला!” कन्या रडवेली झाली. मी पडलो मराठीचा प्राध्यापक. तडक कंपनीला फोन लावला आणि निवडक विशेषणे ऐकवली. “साहेब, तुमची लाइन ठीक आहे,” पलीकडून शांत उत्तर आले. तेवढ्यात सौ. म्हणाली, “अहो, माझ्या मोबाइलवर घरचे वायफाय चालू आहे की!”

हे वाक्य लाख मोलाचे होते. राऊटरपर्यंत सारे क्षेम. घोटाळा तिथून संगणकापर्यंतच्या दहा-बारा हातांत.

शेजारचा कॉलेजकुमार धावून आला. कळफलकाला त्याने हातही लावला नाही. संगणकामागे वाकून म्हणाला, “काका, आधी दिवे बघायचे.” तार खोचतात तिथे बहुधा दोन चिमुकले दिवे असतात. जोड जमली की ते लागतात, माहितीची ये-जा सुरू झाली की लुकलुकतात. आमचे दोन्ही विझलेले! त्याने तार काढून ‘टक्’ आवाज होईपर्यंत पुन्हा खोचली. व्यर्थ. राऊटरवरची जागा बदलली. तरी अंधारच. मग तार चाचपत तो पुस्तकांच्या कपाटापाशी थांबला. कपाटाचा पाय नेमका तारेवर! ते कपाट सकाळी मीच मोठ्या ऐटीत सरकवले होते.

त्या तारेच्या पोटात आठ बारीक तारा असतात. दोन-दोनांना पीळ घालून चार जोड्या. मोक्याची एखादी तुटली की संबंध संपला. पोराने घरून दुसरी तार आणली. पाचला वीस मिनिटे असताना दिवे लुकलुकले, आणि आमची दिवाळी खरी तेव्हा सुरू झाली.

“दिवे लागूनही इंटरनेट नसते तर?” मी विचारले.

“मग संगणकाचा पत्ता बघायचा. पत्ते वाटणे राऊटरचे काम. पत्ता 169.254 ने सुरू होत असेल, तर राऊटरकडून उत्तर आले नाही आणि संगणकाने स्वतःच पत्ता घेतला, असे समजावे. राऊटर बंद करून मिनिटभराने चालू करावा.”

या जोडणीचे नाव ईथरनेट. 1973 साली अमेरिकेत रॉबर्ट मेटकाफ यांनी ते दिले, प्रकाश वाहून नेणाऱ्या ‘ईथर’ या कल्पित द्रव्यावरून. ते द्रव्य शास्त्रज्ञांनी केव्हाच निकालात काढले होते. नाव मात्र असे घरोघरी राहिले.

परीक्षा पार पडली. रात्री मी कंपनीला फोन करून विशेषणे परत घेतली. यंदा आवराआवरी सुरू होताच सौ.ने एकच ताकीद दिली आहे : “कपाटाला हात लावायचा नाही!”