पाच रविवारांची चढण

माघातल्या रविवारी पहाटे साडेचारला शिवाजी पुलावर गेलात, तर पळायला रिकामा रस्ता मिळेल ही आशा सोडा. पंचगंगेवरचं धुकं कठड्यावरून रस्त्यावर उतरलेलं असतं आणि त्यातून माणसं येत असतात. म्हाताऱ्या बायका, कॉलेजची पोरं, खांद्यावर नातू घेतलेले आजोबा. बहुतेकांचे पाय अनवाणी. नदीत दोन बुड्या मारून आलेल्यांच्या केसांतून अजून पाणी ठिबकत असतं. मधूनच कुणीतरी ओरडतं, ‘जोतिबाच्या नावानं...’ आणि अंधारातून शंभर गळ्यांतून उत्तर येतं, ‘चांगभलं!’ हे जोतिबाचे खेटे.

मी पहिल्यांदा इथं आलो तो पळायला. मनगटावर घड्याळ, पायात नवे बूट, डोक्यात पंधरा किलोमीटरांच्या वरचा चढाचा सराव. वडणग्याच्या अलीकडंच एका आजोबांनी मला गाठलं. ते चालत होते, मी पळत होतो, तरी त्यांनी गाठलं हे इथं कबूल करतो. माझ्या घड्याळाकडं बघत म्हणाले, ‘पोरा, मिंटं मोजून डोंगर बारका हुतोय व्हय?’ तेव्हापासून मी या वाटेवर घड्याळ लावतो, पण बघत नाही.

खेटे घालणं हा शब्द आपल्याकडं बदनाम आहे. सातबाऱ्यासाठी कचेरीत घालतात ते खेटे वेगळे. तिथं पाय झिजतात, इथं घट्ट होतात. माघातल्या पाच रविवारी कोल्हापुरातून चालत डोंगरावर जायचं, दर्शन घ्यायचं, की एक खेटा. कथा अशी सांगतात, की दैत्यांचा निकाल लावून झाल्यावर जोतिबा हिमालयात, केदारनाथाकडं परत निघाला. हे कळताच करवीरची अंबाबाई अनवाणी निघाली, डोंगर चढून गेली आणि तिनं त्याला थांबवून घेतलं. कथा कुणी कशीही घ्यावी, पण कोल्हापूरकरांना डोंगर पायानं गाठायची सवय या देवीनं लावली हे मात्र खरं. शहरात धावणाऱ्यांचे गट निघाले, रविवारच्या स्पर्धा आल्या, छातीवर नंबर लावून पळणं आलं, ते सगळं गेल्या काही वर्षांतलं. वाट मात्र जुनीच आहे.

वडणगे, निगवे, कुशिरे, गायमुख आणि मग डोंगर असा तिचा क्रम. कुशिऱ्यापर्यंत रस्ता सपाट आहे. दोन्ही बाजूंना ऊस, मध्ये एखादं गुऱ्हाळ. हंगामात चुलवाणातला धूर आणि काकवीचा वास एकत्र होऊन खाली रस्त्यावर बसतो आणि रिकाम्या पोटी पळणाऱ्याचा जीव कासावीस होतो. याच हंगामात इथं पळणाऱ्यानं सगळ्यात जास्त भ्यावं ते उसाच्या ट्रॅक्टरला. मागं दोन ट्रॉल्या, त्यांच्या बाहेर आलेली वाढी, मागच्या दिव्याचा पत्ता नाही आणि ड्रायव्हरजवळ मोठ्या आवाजात लावलेलं गाणं. गाणं ऐकू आलं की साइडपट्टीवर उतरायचं, एवढा एकच नियम मी पाळतो.

या रस्त्यावर पहाटे आणखी काही मंडळी भेटतात. त्यांना निसर्गाचं काही पडलेलं नसतं. भरतीची पोरं. पोलीस भरतीला मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर पळावं लागतं. त्यासाठी गावोगावी डांबरावर चुन्यानं रेघा मारलेल्या दिसतात. एकजण मोटारसायकलवर बसून मोबाइलमध्ये वेळ लावतो, बाकीचे जीव तोडून पळतात. आपण हौशी लोक त्यांच्या शेजारून जायला लागलो की ते जरा सरकून जागा देतात आणि दुसऱ्याच क्षणाला दिसेनासे होतात. डोंगरदऱ्यांतल्या धावण्याचं कौतुक लिहिताना ही पोरं हमखास विसरली जातात. इथला सगळ्यात वेगवान धावपटू कदाचित त्यांच्यातच असेल आणि त्याला स्पर्धेचं पदक नको, नोकरी हवी आहे.

कुशिरं मागं पडलं की डोंगर समोर उभा राहतो. वर कापलेल्या शंकूसारखा, आजूबाजूच्या रांगेपासून जरा सुटा. गावाचं खरं नाव वाडी रत्नागिरी, तालुका पन्हाळा. कोकणातल्या रत्नागिरीशी त्याचा काही संबंध नाही. समुद्रसपाटीपासून उंची सुमारे ३,१०० फूट, म्हणजे पायथ्यापासून हजारावर फूट चढायचं. आकडा ऐकून फार वाटत नाही. वाटेवर पाय ठेवला की कळतं.

गायमुखाला दगडी गाईच्या तोंडातून पाणी पडतं. खेटेवाले इथं तोंड धुतात, पाय ओले करतात, गूळ-शेंगदाणे खातात. इथून वर पायवाट आणि पायऱ्या. दगड शेकडो वर्षांच्या पायांनी गुळगुळीत झालेले आहेत आणि पावसाळ्यात त्यांच्यावर शेवाळ धरतं. चढताना हे दगड काही बोलत नाहीत. उतरताना बोलतात. एका श्रावणात मी इथं ऐटीत पळत उतरलो आणि डावा घोटा मुरगळून घेतला. कुशिऱ्यापर्यंत लंगडत यायला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात एक खेटा झाला असता. तेव्हापासून ही वाट पळत चढायची आणि चालत उतरायची, असा माझा शिरस्ता आहे. ज्यांना पळतच उतरायचं असेल त्यांनी गाडीरस्ता धरावा. तो लांब आहे, वळणाचा आहे, पण गुडघ्यांशी बरा वागतो.

खरं जंगल म्हणावं असं या डोंगरावर सलग नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. करवंदीच्या जाळ्या, जांभूळ, मधूनच लावलेली गिरिपुष्पं आणि बाकी गवत. दाट सावली हवी तर पन्हाळ्याकडं वळावं लागतं. पण गवताळ डोंगराचं वेगळं सुख आहे. पळताना नजर अडत नाही. अर्ध्या चढावर थांबलं की दक्षिणेला पंचगंगेचं खोरं उघडतं आणि उसाच्या हिरव्यात शहर धुरकट डागासारखं दिसतं. माथ्यावरून गिरोलीच्या बाजूला गेलं की उत्तरेला वारणेचं खोरं. दोन नद्यांच्या मधोमध पळतोय हे इथं नकाशा न बघता कळतं. फाल्गुन-चैत्रात मात्र याच गवताला वणवा लागतो, किंवा लावला जातो. काळ्या उतारावरून राख उडवत पळणं मी एकदाच केलं, पुन्हा करणार नाही.

गिरोली घाट ही माझ्या मते इथली सगळ्यात देखणी धाव आहे. गर्दी कमी, वळणं मोठी, वारा कायम. पावसाळ्यात ढग रस्त्यावरून चालत जातात आणि दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही. माणसाचं ठीक आहे, गवा दिसत नाही हे वाईट. या पट्ट्यात गवे उतरतात. एकटा, कळपातून सुटलेला गवा दिसला तर फोटो काढायचा नाही, तोंड फिरवून पळायचंही नाही. थांबायचं, हळूहळू मागं सरकायचं आणि त्याला वाट द्यायची. गावकरी हेच सांगतात.

दुसरी बाजू पन्हाळ्याची. जोतिबावरून दाणेवाडीकडं उतरून वाघबीळ गाठायचं आणि पुन्हा गडावर चढायचं. एकाच सकाळी दोन डोंगर होतात. गडाची तटबंदी सात किलोमीटरच्या घरात आहे. तिच्या आतून तीन दरवाजा, अंधारबाव, सज्जाकोठी, पुसाटी बुरूज असा फेरा घेता येतो. २०२५ च्या जुलैत मराठ्यांच्या बारा किल्ल्यांमध्ये पन्हाळ्याचं नाव जागतिक वारसा यादीत गेलं, तेव्हापासून रविवारी गाड्यांची रांग वाढली आहे. पळणाऱ्यानं सातच्या आत आटोपावं. याच डोंगरानं २०२१ च्या पावसात आपला मुख्य रस्ता खाली सोडून दिला होता. कित्येक महिने गाड्या वर येत नव्हत्या. तेव्हा गडावर पळायला जेवढी शांतता होती तेवढी पुन्हा मिळाली नाही, हे म्हणताना थोडं अपराधी वाटतं, कारण त्या काळात झुणका-भाकर विकणाऱ्या बायकांच्या चुली थंड होत्या.

गडापलीकडं मसाई पठार लागतं. जांभ्या दगडाचं, सपाट, भाद्रपदात रानफुलांनी भरलेलं. इथं पळताना १६६० सालचा आषाढ आठवतोच. सिद्दी जौहरचा वेढा, मुसळधार पाऊस, शिवा काशीदानं घेतलेलं महाराजांचं सोंग, पुढं घोडखिंडीत बाजीप्रभू. सगळं आपल्याला पाठ आहे. मला मात्र पळताना पालखीच्या भोयांची आठवण येते. रात्री, चिखलातून, खांद्यावर पालखी घेऊन, मागं शत्रू असताना ते याच पठारावरून विशाळगडाच्या दिशेनं धावले. त्यांच्या पायांत काय होतं, कोण जाणे.

साताऱ्यात यवतेश्वर घाटातून २०१२ पासून डोंगरी अर्धमॅरेथॉन होते आणि तिथं देशभरातून लोक येतात. आपल्याकडंही तसं मोठं काही व्हावं, असं आमच्या गटात दर महिन्याला निघतं. मला त्याची घाई नाही. जपानात क्योटोजवळच्या हिएई डोंगरावर तेंदाई पंथाचे काही भिक्षू सात वर्षांच्या व्रतात हजार दिवस डोंगरवाटा तुडवतात, पायात गवताच्या चपला घालून. त्यांचं जगभर नाव झालं. आमच्या वडणग्याच्या आजोबांचा खेटा कुणी मोजत नाही.

शेवटचं वळण संपलं की देऊळ दिसतं. आजचं देऊळ १७३० मध्ये राणोजी शिंद्यांनी बांधलं. जोतिबा हे शिंद्यांचं कुलदैवत. शेजारचं केदारेश्वराचं देऊळ १८०८ चं, दौलतराव शिंद्यांचं. काळ्या दगडाची ही शिखरं वर्षभर गुलालानं गुलाबी असतात. चैत्र पौर्णिमेला लाखोंची यात्रा भरते, सासनकाठ्या नाचतात, खोबरं आणि दवणा उधळला जातो. त्यानंतर कित्येक दिवस फरशीच्या सांध्यांत, पायऱ्यांच्या कोपऱ्यांत गुलाल राहतो. वळवाचा पहिला पाऊस झाला की तो गटारीतून गुलाबी वाहत खाली येतो. त्या आठवड्यात घाटात पळून आलो की पांढरे मोजे कायमचे कामातून जातात.

दर्शनाला जाताना बूट एका नारळवाल्या मावशींकडं ठेवतो. त्यांचा दर ठरलेला आहे, बूट ठेवायचे तर नारळ घ्यायचा. मागच्या खेपेला त्यांनी माझे बूट उचलून उलटेपालटे करून पाहिले आणि किमतीचं विचारलं. मी निम्मी सांगितली. तरी त्यांनी शेजारणीला हाक मारली, ‘अगं, बघ की, एवढ्याचं बूट घालून पळत येतोय, आणि देवळात अनवाणीच जातोय!’ दोघी हसल्या. मी नारळ उचलला आणि तापलेल्या फरशीवरून टाचा उचलत रांगेकडं निघालो.