जंगी पलटणीचे तीन शेवट

साताऱ्याजवळच्या अपशिंगे या गावाच्या नावाला 'मिलिटरी' हा शब्द कायमचा जोडला गेला, तो तेथील घराघरांतून फौजेत गेलेल्या पुरुषांमुळे. पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जवान कामी आले, आणि घरच्या बायामाणसांनी ज्या युद्धाला नुसते 'लाम' म्हटले, ते कशासाठी चालले आहे याचा खुलासा त्यांना करावा असे कोणत्याही दफ्तराला वाटले नाही. सातारा-सांगलीच्या अशा गावांनी पिढ्यान् पिढ्या ज्या पलटणी भरल्या, त्यांतील जंगी पलटणीचा, म्हणजे मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या बटालियनचा, मागोवा घेताना मला वारंवार एकच विचार सतावतो: शिपायाला मरणाची तयारी शिकवता येते, परंतु काम पुरे झाले हे त्याला कोणी तरी स्पष्ट शब्दांत सांगावेच लागते.

त्या काळी १०३ क्रमांकाने ओळखली जाणारी ही पलटण १९१५ च्या डिसेंबरात मेसोपोटेमियातील कूत येथे वेढ्यात सापडली. १४७ दिवस उपासमार सोसून, २९ एप्रिल १९१६ रोजी, सेनापतीच्या हुकुमाने शस्त्रे खाली ठेवावी लागली. पुढे तुर्कांच्या कैदेत असंख्य लोक मेले. शौर्य उणे पडले नव्हते, धान्य संपले होते. तरी जे परत आले त्यांच्यापाशी घरी सांगण्याजोगा शेवट नव्हता.

इकडे सातारा-सांगलीच्या प्रदेशात शेवटाचे दुसरे रूपही पाहावयास मिळाले. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या इंग्रजविरोधी प्रतिसरकारातील तुफान सेनेच्या कुंडल परिसरातील तरुणांना पगार नव्हता, सनद नव्हती. पण १९४६ मध्ये लोकनियुक्त मंत्रिमंडळ आल्यावर वॉरंटे मागे घेतली गेली, नाना उघडपणे लोकांत वावरू लागले आणि पुढच्याच वर्षी स्वातंत्र्य आले. शेताकडे परतणाऱ्याला आपण काय केले हे ठाऊक होते.

जंगी पलटणीला तसा शेवट १९७१ मध्ये लाभला. पूर्व पाकिस्तानातल्या जमालपूरच्या पाकिस्तानी ठाण्याला भारतीय फौजेने शरण येण्याचे पत्र धाडले, तेव्हा उत्तराच्या कागदात गुंडाळलेली बंदुकीची गोळी परत आली. आणि १० डिसेंबरच्या रात्री फळी फोडून निसटू पाहणाऱ्या शत्रूला कुलदीपसिंग ब्रार यांच्या हाताखालच्या मराठ्यांनी दक्षिणेच्या वाटेवर अडवून धरले. सहाच दिवसांत ढाक्यात शरणागतीच्या दस्तऐवजावर सह्या झाल्या. कोणी, कोठे, किती वाजता हे सारे निश्चित होते, आणि बांगलादेश हे नवे राष्ट्र नकाशावर उभे राहिले होते. जखमी झालेल्याला आपल्या जखमेची किंमत मोजता येत होती.

आणि मग जाफना. २९ जुलै १९८७ च्या करारानंतर शांतिसेना म्हणून श्रीलंकेत गेलेल्या फौजेला ऑक्टोबरात ज्या तमिळांच्या संरक्षणासाठी आलो असे वाटत होते, त्यांच्यातूनच उठलेल्या तमिळ वाघांशी लढावे लागले. जाफन्यावरील चढाईत हीच जंगी पलटण होती. पाहुणे म्हणून बोलावणाऱ्या देशाने १९८९ मध्ये निघून जा म्हटले. अकराशेहून अधिक जवान गमावून अखेरची तुकडी २४ मार्च १९९० रोजी श्रीलंकेतून निघून मद्रासच्या किनाऱ्यावर उतरली, तेव्हा तामिळनाडूचे मुख्यमंत्री स्वागताला गेले नाहीत. राजकारणाच्या गणितात त्याला काही कारण असेल; परंतु जहाजावरून उतरणाऱ्या शिपायाला ते गणित कळावे अशी अपेक्षा करणे मला निष्ठुर वाटते. मोहिमेचा हेतू वाटेत बदलला, तो बदलल्याचे त्याला कोणी सांगितले नाही, आणि हुकूम मात्र त्याने अखेरपर्यंत पाळला.

जाफन्याहून न परतलेल्यांचे स्मारक कोलंबोजवळ २००८ मध्ये उभे राहिले, तेही श्रीलंकेच्या सरकारने उभारले. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्धस्मारकात त्यांची नावे दगडावर आली, ती २०१९ मध्ये. तोवर त्यांच्यातील कित्येकांचे आईबाप आपल्या गावच्या मातीत मिसळून गेले होते.