सायलेन्सर लावला तरी आवाज होतोच

वेब सिरीजमधला स्नायपर गच्चीवर पालथा पडतो, रायफलीच्या तोंडाला नळकांडं फिरवून बसवतो, 'फुस्स' होतं आणि पलीकडच्या इमारतीतला माणूस कोसळतो. कठड्यावरचं कबुतरही उडत नाही. हे इतक्यांदा दाखवून झालंय की चांगले शिकलेसवरलेले लोकही सायलेन्सरला आवाज बंद करायचं बटण समजतात. तसं बटण कुठल्याच सैन्याकडे नाही.

रायफलीचे मुळात आवाजच दोन. पहिला नळीच्या तोंडाशी. गोळीमागचा प्रचंड दाबाखालचा तापलेला वायू एकदम बाहेर पडतो, त्याचा धडाका. सायलेन्सरचा इलाज चालतो तो एवढ्यावरच. आत एकामागे एक पडदे घालून कप्पे केलेले असतात. त्यांत वायू अडतो, पसरतो, निवतो आणि दमादमाने बाहेर येतो. लष्करी रायफलीचा नळीपाशी आवाज १६० डेसिबलच्या वर असतो. चांगला सायलेन्सर त्यातले २५-३० उतरवतो. आपल्याकडे पर्यावरण संरक्षण नियमांत १९९९ पासून फटाक्यांसाठी चार मीटरवर १४५ डेसिबलची क्षणिक कमाल मर्यादा आहे. मोजण्याची अंतरं वेगळी, त्यामुळे तुलना ढोबळ. पण ही 'मूक' रायफल नियमात बसणाऱ्या सुतळी बॉम्बच्या पंगतीतली आहे. उडणार नाही म्हणे कबुतर!

दुसरा आवाज खुद्द गोळीचा. २० अंश तापमानाला हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, ७.६२ नाटो गोळी नळीतून ८०० च्या आसपास वेगाने निघते. ध्वनीला मागे टाकत ती जाईल त्या वाटेवर कडाका उमटतो आणि तो नळीला काहीही लावून थांबत नाही.

मग सैन्यं हे ओझं का वाहतात? ठिकाण लपवायला. कडाका ऐकू येतो तो गोळीच्या वाटेवरून, त्यावरून नेमबाज सापडत नाही. त्याचा पत्ता सांगतो नळीचा धडाका, आणि तोच दबलेला असतो. शिवाय जाळ झाकला जातो, समोरची धूळ कमी उडते, शेजारच्या स्पॉटरचं, म्हणजे निशाण हेरणाऱ्या साथीदाराचं, बोलणं ऐकू येतं. ब्रिटिशांच्या एल११५ए३ या स्नायपर रायफलीवर सायलेन्सर असतो तो याचसाठी. त्रासही आहेच. पाठोपाठ गोळ्या झाडल्या की नळकांडं तापतं आणि दुर्बिणीसमोर हवा थरथरू लागते. म्हणून त्यावर गवसणी चढवतात. सायलेन्सर लावला-काढला की गोळी लागायची जागाही सरकते, त्यामुळे 'झीरो', म्हणजे दुर्बिणीचा नेम जुळवणं, सायलेन्सरसकटच करावं लागतं.

खरोखर दबक्या आवाजाची रायफल हवी तर गोळीच संथ करावी लागते. १९८७ मध्ये दाखल झालेल्या सोव्हिएत 'विंतोरेझ'मध्ये तेच केलं. गोळी ९ मिलिमीटरची, तब्बल १६ ग्रॅमची, वेग सेकंदाला २९० मीटरच्या आसपास. सायलेन्सर रायफलीचाच भाग. याची किंमत पल्ल्यात मोजली: जेमतेम ४०० मीटर. एवढं करून यंत्रणेची खटखट उरतेच.

बाकीचे समज चिल्लर. सायलेन्सरने गोळीचा जोर जातो? नुसता पुढे बसवल्याने नाही. मारेकऱ्यांसाठी लावलेला शोध? हायरम पर्सी मॅक्सिमने १९०९ मध्ये पेटंट मिळवून तो नेमबाजीच्या शौकिनांना विकला. रिव्हॉल्वरला सायलेन्सर? चक्र आणि नळीमधल्या फटीतूनच आवाज निसटतो. ठळक अपवाद रशियन 'नागांत'चा: घोडा मागे आला की तिचं चक्र पुढे सरकून ती फट बुजवतं.