तळहाताची पारख

पुण्याच्या रेसकोर्सवर उजाडता उजाडता गेलात, तर पळणारे घोडे सोडून एखाद्या उभ्या शिंगराकडे बघा. स्टार्टिंग गेटच्या अरुंद खणात त्याला घेतलेलं असतं. कान मागेपुढे होतात, नाकपुड्या फुलतात, कातडी थरथरते. माणूस मानेवर हात ठेवून हळू आवाजात बोलत राहतो. मग दारं उघडतात आणि शिंगरू बाहेर येतं, चालत. त्या दिवसाचा धडा एवढाच.

पळणं त्याच्या रक्तातच आहे. सगळी मेहनत लागते ती त्याला थांबायला शिकवण्यात. दीडेक वर्षाचं झालं की लांब दोरावर गोल फिरवतात. पाठीवर आधी नुसता पट्टा, तोंडात लगाम, मग खोगीर. पुढे एखादा हलका पोरगा रिकिबीत पाय न घालता पाठीवर नुसता आडवा पडतो. ते वजन अंगवळणी पडलं, की कदमचाल, दुडकी.

घाई महागात पडते ती वयामुळे. भारतात शर्यतीच्या हिशेबात प्रत्येक घोड्याचा वाढदिवस १ जानेवारी. एप्रिलात जन्मलेलं शिंगरू कागदोपत्री दोन वर्षांचं होतं, तेव्हा खरं वय असतं वीस महिने. पुढच्या गुडघ्यावरचं हाड अजून वाढत असतं. म्हणून डॉक्टर एक्स-रे काढून बघतात. पण नुसतं जपूनही भागत नाही. नडगीचं हाड वेगाच्या ताणानंच घट्ट होतं. अमेरिकेतले पशुशल्यचिकित्सक डेव्हिड नुनामेकर यांनी दाखवून दिलं, की निव्वळ लांब, संथ रपेटीपेक्षा नेमानं दिलेली छोटी, वेगवान धाव नडगीला शर्यतीसाठी नीट तयार करते. किती छोटी, किती वेगवान, हे ओळखण्यात ट्रेनरचा कस लागतो. मला हे कसब जॉकीच्या चाबकापेक्षा मोठं वाटतं.

पावसाळ्यात पुणे, हिवाळ्यात मुंबईचं महालक्ष्मी रेसकोर्स, असा शर्यतींचा मुक्काम हलतो. महालक्ष्मीला १९४३ पासून इंडियन डर्बी होते: २४०० मीटर, चार वर्षांच्या घोड्यांसाठी. अशा शर्यतीत भरधाव घोडा प्रत्येक झेपेला एकच श्वास घेतो, तोही फक्त नाकानं. छाती मिनिटाला दोनशेहून जास्त वेळा धडधडते.

तिथवर पोचायचं, तर रोजचा खरारा चुकत नाही. चंदी घालण्याआधी मोतद्दार उकिडवा बसतो आणि दोन्ही नडग्यांवरून तळहात फिरवतो. एक दुसरीपेक्षा गरम लागली, की उद्याची गॅलप रद्द.